ऑर्गन चर्चबाहेर गेला तेव्हा

सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी ह्यांनी रोममधील तरुणांना प्रार्थना, प्रवचन आणि गायन ह्यांसाठी एकत्र आणले. ही मंडळी ज्या प्रार्थनागृहात जमत, त्याच्या ‘ओरातोरियो’ ह्या नावावरूनच पाश्चात्त्य संगीतातील एका थोर रचनाप्रकारास त्याचे नाव मिळाले. त्याच संताच्या मंडळाच्या वास्तूत, बोरोमिनी सभागृहात, २७ एप्रिल १९६६ रोजी इलेक्ट्रिक गिटारी आणि ड्रम घेऊन तरुणांचे तीन वाद्यवृंद उभे राहिले आणि त्यांनी मिस्सेची गीते सादर केली. रचना मार्चेल्लो जोम्बिनी ह्यांची होती. एरवी ते चित्रपटांना संगीत देत. रचनेचे नाव होते ‘तरुणांची मिस्सा’. लोकांच्या तोंडी मात्र ‘बीट मिस्सा’ हेच नाव राहिले. घटनेचा गाजावाजा पुष्कळ झाला, तबकडीही निघाली आणि पुढे इटलीतील अनेक धर्मग्रामांत तशा मिस्सा होऊ लागल्या.

दुसरी व्हॅटिकन परिषद ८ डिसेंबर १९६५ रोजी समाप्त झाली होती. तिला पाच महिनेही झाले नव्हते. उपासना लोकभाषेत येत होती. घराघरांत बीटल्सच्या तबकड्या फिरत होत्या आणि तरुण पिढी हातची निसटते आहे ही रुखरुख धर्मगुरूंना लागली होती. तरुणांना चर्चमध्ये आणायचे तर त्यांचेच संगीत आधी चर्चमध्ये आणावे, असा विचार कुणा सद्भावी मंडळींनी केला. हेतू निर्मळ होता, ह्याविषयी आम्हांला शंका नाही. पण ते संगीत होते कसे? तीन-चार स्वरमेळ, चार मात्रांचा सरळ ठोका, एकदा ऐकून म्हणता येतील अशा चाली. तरुणांना सोपे हवे असते, असे मोठ्यांनी गृहीत धरले होते.

आणि नेमक्या त्याच सुमारास इंग्लंडमध्ये काही निराळेच घडू लागले. विशी-पंचविशीतील मुले, ज्यांना कुणी मिस्सेला बोलावले नव्हते, ती आपण होऊन ऑर्गनपाशी जाऊन बसली. त्यांनी बाखच्या रचना उकलल्या, गायनवृंदाचे बहुस्वरी गायन उचलले, प्रकटीकरणाचे पुस्तक उघडले. वीस-वीस मिनिटांच्या, तीनदा ऐकल्याखेरीज न कळणाऱ्या रचना त्यांनी बांधल्या आणि लाखो तरुणांनी त्या विकत घेऊन ऐकल्या. ख्रिस्तसभा तरुणांसाठी आपले संगीत सोपे करीत असताना तरुण मात्र तिच्याच घरातील अवघड वस्तू बाहेर घेऊन चालले होते. आमच्या समजुतीप्रमाणे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासातील आपल्या कामाची गोष्ट ती हीच.

‘प्रोग्रेसिव्ह’चे मराठी करायला जावे तर ‘पुरोगामी’ असे होते, आणि त्या शब्दाला महाराष्ट्रात इतर बरेच काही चिकटलेले आहे. तेव्हा मूळ शब्दच ठेवलेला बरा. रॉक संगीत हे मुळात अमेरिकेतील १९५०च्या दशकाचे नृत्यसंगीत. त्याचे गाणे तीन मिनिटांचे, कारण लहान तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर मात्र वीस-बावीस मिनिटे मिळत. १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ ह्या तबकडीने दाखवून दिले की, मोठी तबकडी ही सुट्या गाण्यांची पिशवी असण्याचे कारण नाही. ती सलग रचनाही होऊ शकते. मग एक अख्खी बाजू व्यापणारी रचना करण्याचा मोह कुणाला होणार नाही? मात्रांचा हिशोबही बदलला. आपल्याकडे रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा मात्रा कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत मात्र चाराच्या खुंट्याला बांधलेले होते. ह्या मुलांनी पाच, सात, नऊ मात्रांची आवर्तने वापरण्यास सुरुवात केली. नाचणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली असणार. ते खाली बसून ऐकू लागले, हा मोठाच बदल म्हणायचा.

ह्या संगीताचा आत्मा मात्र आमच्या मते गिटारीत नव्हे, ऑर्गनमध्ये आहे. त्या ऑर्गनची कथा थोडी मागून सांगावी लागेल.

चर्चमधला खरा ऑर्गन म्हणजे शेकडो, कधी हजारो नळ्यांचा. त्याचा खर्च लहान धर्मग्रामाच्या आवाक्याबाहेरचा. शिकागोचे लॉरेन्स हॅमंड हे गृहस्थ घड्याळांचे कारखानदार. वाद्य त्यांना स्वतःला वाजवता येत नसे. त्यांनी १९३५ साली विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. लोहचुंबकांपुढे दातेरी चक्रे फिरत आणि त्यांतून स्वर निर्माण होई. स्वराचा रंग बदलण्यासाठी ज्या खेचपट्ट्या होत्या, त्यांवर जुन्या ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीचेच आकडे छापलेले होते. गिऱ्हाईक ठरलेले होते: ज्यांना नळ्यांचा ऑर्गन परवडत नाही अशी चर्चेस. नळ्यांचे ऑर्गन बांधणाऱ्यांनी तक्रार केली. मग शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये आळीपाळीने वाजवून जाणत्या श्रोत्यांची परीक्षा घेण्यात आली आणि त्या जाणत्यांचीही बरीच फसगत झाली. तरीसुद्धा १९३८ साली सरकारी व्यापार आयोगाने हॅमंडना जाहिरातींतील काही दावे मागे घ्यायला लावले. असो. हे वाद्य कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांच्या चर्चेसमध्ये रुजले, तेथून जॅझमध्ये गेले आणि तेथून इंग्लंडच्या तरुणांच्या हाती पडले.

मराठी वाचकाला ह्याचे फारसे आश्चर्य वाटू नये. हार्मोनियम हेही पॅरिसचे वाद्य. देबें नावाच्या कारागिराने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी त्याला हाताचा भाता जोडून जमिनीवर बसवले आणि बघता बघता ती कीर्तनकाराची पेटी झाली. पायाने भाता मारायचा ऑर्गन तर मराठी संगीत नाटकाने असा आपलासा केला की, त्याच्या स्वराशिवाय नाट्यपद अनेकांना अपुरे वाटते. उपासनेचे वाद्य उंबरठा ओलांडून गेले म्हणजे ते भ्रष्ट होतेच असे नाही. ते कुणाच्या हाती जाते आणि त्या हातांना कुणी शिकवलेले असते, हा खरा प्रश्न.

मे १९६७ मध्ये प्रोकोल हॅरम ह्या वृंदाची ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ ही तबकडी निघाली आणि इंग्लंडमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. गाण्याच्या शब्दांचा अर्थ आजवर फारसा कुणाला लागलेला नाही. लोकांनी लक्षात ठेवली ती मॅथ्यू फिशर ह्यांनी हॅमंडवर वाजवलेली, बाखच्या धाटणीची सुरावट. फिशर ह्यांनी पुढे त्या सुरावटीसाठी गाण्याच्या मालकीत वाटा मागितला आणि कज्जा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. २००९ साली त्यांचा ४० टक्के हिस्सा कायम झाला. बाखला अर्थातच कुणी काही दिले नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, अमेरिकेत इलेक्ट्रिक प्रून्स नामक रॉक वृंदाच्या नावाने डेव्हिड ॲक्सेलरॉड ह्यांची ‘मास इन एफ मायनर’ प्रसिद्ध झाली: कीरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आञ्ञुस देई, सारे ग्रीक-लॅटिनमध्ये. ज्या काळात धर्मग्रामांतून लॅटिन एकेक करून निरोप घेत होती, त्याच काळात हे घडले. ती रचना फार मोठी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वृंदाला ती नीट वाजवता येईना, म्हणून दुसरे वादक आणून पुरी करावी लागली. पण तिच्यातील ‘कीरिये’ पुढे ‘ईझी रायडर’ ह्या १९६९च्या चित्रपटात घेतली गेली आणि मोटारसायकलींवरून भटकणाऱ्या, घरादाराला पाठ फिरवलेल्या तरुणांच्या त्या कथेत, पडद्यामागून ‘हे प्रभो, दया कर’ ही याचना जगभर ऐकू गेली.

आता इंग्लंडकडे वळू. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले, मठ लुटले. परंतु कॅथीड्रलांतील गायनवृंद मात्र टिकले. आठ-नऊ वर्षांची मुले निवडायची, त्यांना स्वरलेखन वाचायला शिकवायचे आणि सायंप्रार्थनेला स्तोत्रे गाऊन घ्यायची, ही शिस्त चार शतकांत फारशी मोडली नाही. (विल्यम बर्ड हा तेथील थोर रचनाकार कॅथलिकच राहिला, राणीच्या प्रार्थनामंदिरासाठी तो इंग्रजी रचना करी आणि लपूनछपून मिस्सा साजरी करणाऱ्या कुटुंबांसाठी लॅटिन मिस्सा लिही.) लंडनच्या किंग्जबरी भागातील संत अँड्र्यू चर्चमध्ये बॅरी रोझ नावाच्या तरुण ऑर्गनवादकाने असाच वृंद घडवला. त्यात ख्रिस स्क्वायर नावाचा मुलगा होता. हाच मुलगा १९६८ साली ‘येस’ ह्या वृंदाचा एक संस्थापक झाला. बासगिटार हे पाठीमागे राहून ठेका धरणारे वाद्य. पण स्क्वायरने ते गायनवृंदातील स्वतंत्र स्वरासारखे वाजवले. येसच्या तीन-चार आवाजांची ती रेखीव गुंफण ऐकली की, ती कोणत्या शाळेत शिकली गेली हे सांगावे लागत नाही. शिष्य गुरूला विसरला नाही. १९७५ साली त्याने स्वतःची तबकडी काढली तेव्हा लंडनच्या संत पॉल कॅथीड्रलचा ऑर्गन वाजवण्यास बॅरी रोझ ह्यांनाच बोलावले. हे तेच रोझ, ज्यांच्या हाताखालील वृंद १९८१ साली राजपुत्र चार्ल्सच्या विवाहात गायला.

येसमध्ये पुढे रिक वेकमन आले. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधील शिक्षण अर्धवट सोडलेले, परंतु हाताला विलक्षण तयारी. १९७२ सालच्या ‘क्लोज टू दि एज’ ह्या अठरा मिनिटांच्या रचनेत मध्यावर सारे शांत होते आणि मग नळ्यांचा ऑर्गन गर्जतो. तो ऑर्गन लंडनच्या संत जाइल्स क्रिपलगेट ह्या चर्चमधला. कवी मिल्टन ज्याच्या भूमीत चिरनिद्रा घेतो ते हे चर्च. त्याच ऑर्गनवर वेकमननी आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवरील आपल्या तबकडीतला जेन सीमोरचा भाग वाजवला. १९७७ साली तर कमाल झाली. वृंद स्वित्झर्लंडमधील माँत्रोच्या स्टुडिओत, आणि ऑर्गन काही किलोमीटरवरील व्हेव्हे गावच्या संत मार्टिन चर्चमध्ये. ऑर्गन हलवता येत नाही. तेव्हा वेकमन चर्चमध्ये जाऊन बसले, दोन्ही ठिकाणे टेलिफोनच्या तारेने जोडली आणि एकमेकांना कानांनी ऐकत सर्वांनी एकाच वेळी वाजवले. त्या काळी दोहोंमध्ये तार तरी होती, असे आमच्या मनात येऊन जाते.

जेनेसिस ह्या वृंदाची हकीकत तर कॅथलिक वाचकाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. त्याचे संस्थापक चार्टरहाउस ह्या निवासी शाळेचे विद्यार्थी. चार्टरहाउस म्हणजे मुळात १३७१ साली लंडनमध्ये स्थापन झालेला कार्थुसियन संन्याशांचा मठ. हेन्रीला धर्मप्रमुख मानण्यास नकार दिल्याबद्दल तेथील मठाधिपती जॉन हॉटन ह्यांना ४ मे १५३५ रोजी फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. १९७० साली पोप सहावे पॉल ह्यांनी त्यांना संतपद दिले. १६११ साली त्या मठाच्या जागी शाळा निघाली, १८७२ साली ती सरे परगण्यात गेली. पण तिचे विद्यार्थी आजही ‘कार्थुसियन’च म्हणवतात. मौनव्रती संन्याशांचे नाव मिरवणाऱ्या शाळेने रॉकचा वृंद द्यावा, ही इतिहासाची थट्टाच. पीटर गेब्रिएल आणि टोनी बँक्स ह्या मुलांना प्रार्थनामंदिरात जाणे सक्तीचे होते. शाळेचा कडकपणा त्यांना जाचला, परंतु तेथील स्तोत्रांच्या चाली अंगात मुरल्या, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या पहिल्या तबकडीला १९६९ साली ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन’, म्हणजे ‘उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत’, असे नाव दिले गेले. काळ्या वेष्टनावर सोनेरी अक्षरे पाहून काही दुकानदारांनी ती धार्मिक तबकड्यांच्या कप्प्यात ठेवली आणि तिचा खप बुडाला.

१९७२ साली ह्याच वृंदाने ‘सपर्स रेडी’ ही तेवीस मिनिटांची रचना केली. एका साध्या घरातील जोडप्यापासून ती सुरू होते आणि नाना वळणे घेत प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत जाऊन पोहोचते. समुद्रातून येणारा अजगर, मागोगची सेना, कर्णे, आणि सूर्यात उभा राहून देवाच्या भोजनाला बोलावणारा दूत हे सारे तीत आहे. संग्रामाचा भाग नऊ मात्रांत बांधलेला आहे. ठेका एका बाजूला आणि वरची सुरावट दुसऱ्या बाजूला खेचते, आणि ऐकणाऱ्याचा तोल जावा अशीच योजना आहे. मग अकस्मात सारे एका लयीत येते, घंटा वाजतात आणि नवे यरुशलेम दिसते. हे सारे श्रद्धेने गायले आहे की केवळ कल्पनेने, ह्याचा निवाडा आम्ही करणार नाही. रचनेत विनोद आहे, वेडगळपणाही आहे. तरी पण सत्तरच्या दशकात सभागृहे भरून मुले प्रकटीकरण एकोणीस ते एकवीस हे अध्याय तोंडपाठ म्हणत होती. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत हे अध्याय वाचले जातात, ते ज्याने त्याने पाहावे.

सारेच श्रद्धेच्या बाजूचे होते असा गैरसमज करून देणे बरे नव्हे. इमर्सन, लेक आणि पामर ह्या त्रयीतला कीथ इमर्सन हॅमंडच्या पट्ट्यांत सुरे खुपसून तो वाजवी. तो आचरटपणा आम्हांला कधी रुचला नाही. पण ह्याच त्रयीने १९७१ साली लंडनच्या संत मार्क चर्चमधील ऑर्गनवर, बाखच्या सुरावटी घेऊन, स्तोत्राच्या रूपात एक गीत ध्वनिमुद्रित केले. त्यातील शब्द देवाच्या अस्तित्वावरच शंका घेतात आणि साठ लाख यहुदी मारले गेले तेव्हा तो कोठे होता, असे विचारतात. चर्चमध्ये बसून, चर्चच्या वाद्यावर, चर्चच्या शैलीत विचारलेला हा प्रश्न आहे. तो उद्धट म्हणून झटकता येईल. ईयोबाने विचारलेले प्रश्न ह्याहून फार सौम्य नव्हते, हेही मग आठवावे लागेल.

व्हॅन डर ग्राफ जनरेटर ह्या वृंदाचा कवी-गायक पीटर हॅमिल हा येशूसंघीयांच्या बोमंट कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या गाण्यांत प्रेमाच्या गुजगोष्टी नाहीत. अपराध, मृत्यू, एकटेपणा, उत्तरदायित्व हेच विषय. १९७१च्या ‘पॉन हार्ट्स’ ह्या तबकडीत ‘मॅन-अर्ग’ नावाचे एक गीत आहे. माझ्या आत एक खुनी राहतो आणि देवदूतही राहतात, मग मी ह्यांपैकी कोण, असा त्याचा आशय. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय ज्याने वाचला आहे आणि संत इग्नेशियसच्या परंपरेतील आत्मपरीक्षण ज्याला ठाऊक आहे, त्याला हा स्वर परका वाटणार नाही. गंमत अशी की, ही तबकडी इंग्लंडमध्ये फारशी खपली नाही. १९७२ साली ती पहिल्या क्रमांकावर गेली ती इटलीत.

इटलीतच का? सहा वर्षांपूर्वी ज्या देशात बीट मिस्सा झाली तोच हा देश. तेथील तरुणांनी ऑपेरा, चर्चमधला ऑर्गन आणि मिरवणुकीतील बँड ऐकतच डोळे उघडलेले. लांब, गंभीर, नाट्यमय संगीताचे त्यांना वावडे नव्हते. १९७० साली फाब्रिझियो दे आंद्रे ह्या कवी-गायकाने अप्रमाण शुभवर्तमानांच्या आधारे ‘शुभवार्ता’ नावाची तबकडी केली. दे आंद्रे अराज्यवादी. तरी मरियेचे बालपण आणि येशूच्या शेजारी खिळलेल्या चोरांच्या मातांचा आक्रोश त्याने गायला. त्याला साथ करणारे तरुण पुढे ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ ह्या नावाने इटलीचा अग्रगण्य प्रोग्रेसिव्ह वृंद ठरले. १९७२ साली जेनोवाच्या लात्ते ए मिएले ह्या तीन कोवळ्या तरुणांच्या वृंदाने संत मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार प्रभूचे दुःखसहन संगीतात बांधले: निवेदक, गायनवृंद, ऑर्गन आणि ड्रम ह्यांसह. बीट मिस्सा तोवर मागे पडत चालली होती. मोठ्यांनी मुलांसाठी केलेले सोपे संगीत मुलांनी बाजूला सारले, आणि दुःखसहनाची अवघड कथा स्वतःहून उचलली.

ह्या संगीताची अखेर थोडक्यात सांगितली तरी चालेल, कारण ती पुष्कळ कलांच्या अखेरीसारखीच आहे. कौशल्याचा गर्व झाला, खर्च वाढला. वेकमननी १९७५ साली राजा आर्थरची कथा लंडनच्या वेम्बलीत बर्फावर घसरणाऱ्या नटांसह सादर केली, तेव्हाच जाणत्यांनी कपाळाला हात लावला होता. अमली पदार्थांनीही त्या पिढीतील कित्येकांना ग्रासले. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे नव्हे. १९७६-७७ साली पंक आले. त्यांनी पुन्हा तीन स्वरमेळ घेतले आणि वीस मिनिटांच्या रचनांची टर उडवली. प्रोग्रेसिव्ह रॉक संपले नाही, पण मैदान सोडून अंगणात आले.

आता एक प्रश्न आपल्यासाठी. परिषदेने खरोखर काय सांगितले होते? पवित्र उपासनेवरील संविधानात, ४ डिसेंबर १९६३ रोजी, नळ्यांच्या ऑर्गनला मोठा मान द्यावा, गायनवृंद नेटाने वाढवावेत, सेमिनरींत व शाळांत संगीताचे शिक्षण गांभीर्याने द्यावे आणि मिशनभूमीतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, असे आहे. संगीत स्वस्त करा, असे कोठेही नाही. लोकभाषेतील गायन हे परिषदेचे फार मोठे देणे. मराठी स्तोत्रे सोडून आम्ही लॅटिनकडे परतावे असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. अभंग आणि ओवी ह्यांच्याशी नाते जोडणाऱ्या आपल्या रचनाकारांनी परिषदेचा शब्द खरा केला आहे. परंतु ते शिकवण्याचे काय? कीबोर्डवरील बटण दाबले की ठेका आपोआप वाजतो, गायनवृंद त्यामागे धावतो आणि रविवार पार पडतो. बारा वर्षांच्या मुलाला स्वरलेखन वा राग बसून शिकवणारा माणूस किती धर्मग्रामांत आहे? पोर्तुगीज काळात गोव्यातील धर्मग्रामशाळांत मुले स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे राहिले ते अशाच शिक्षणावर. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस ह्यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. ती मुले चर्चमधून बाहेर गेली, पण काहीतरी घेऊन गेली. आपल्या मुलांना तक्रारीच्या सुरात ‘हे कसले संगीत ऐकता?’ असे आपण विचारतो. त्यांनी ‘तुम्ही आम्हांला कोणते शिकवले?’ असे उलट विचारले तर आम्हां धर्मगुरूंना आणि तुम्हां पालकांना उत्तर तयार ठेवावे लागेल.

जेथ्रो टल ह्या वृंदाचा नायक, बासरीवादक इयन अँडरसन, ह्याचा उल्लेख राहून गेला. १९६९ साली त्याने बाखचे एक ‘बुरे’ बासरीवर बांधले, आणि १९७१च्या ‘ॲक्वालंग’ ह्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर चर्चच्या दांभिकपणावर असे कोरडे ओढले की, अनेक श्रद्धाळूंनी ती तबकडी घरात येऊ दिली नाही. माणसांनी देवाला सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडले, असा त्याचा आरोप होता. तोच अँडरसन गेली अनेक वर्षे नाताळाच्या दिवसांत इंग्लंडच्या जुन्या कॅथीड्रलांत मैफली करतो, आणि त्यांचे उत्पन्न त्या वास्तूंच्या देखभालीसाठी देतो.